समृद्ध हवेतील ऑक्सिजनमर्यादा

समृद्ध हवेतील ऑक्सिजनमर्यादा : साध्या हवेपेक्षा (ऑक्सिजन सुमारे 21 टक्के) जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण घेऊन स्कूबा डायव्हिंग करताना ऑक्सिजनचा जो आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) ओलांडायचा नाही, तो दाब. अशा मिश्रणाला नायट्रॉक्स म्हणतात; 32 व 36 टक्क्यांची मिश्रणे विशेष प्रचलित आहेत. नायट्रोजन कमी असल्यामुळे पाण्याखाली जास्त वेळ मिळतो, पण खोलीवर बंधन येते.

दाबाखालील ऑक्सिजनने आकडी येते हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी 1878 मध्ये मांडले. फुप्फुसांवरचा सावकाश होणारा परिणाम लॉरेन स्मिथ यांनी 1899 मध्ये नोंदवला. डायव्हिंगच्या दृष्टीने मात्र केनेथ डोनाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केलेले प्रयोग निर्णायक ठरतात. शुद्ध ऑक्सिजन घेऊन 70 फुटांवर (सुमारे 21 मीटर) वारंवार उतरवलेल्या एकाच पाणबुड्याला एके दिवशी 7 मिनिटांत लक्षणे जाणवली, तर दुसऱ्या एका दिवशी 148 मिनिटांनी. कोरड्या दाबकक्षात जे सोसते ते पाण्यात सोसत नाही, हेही त्यांनी दाखवले. ‘मला आजवर काही झाले नाही’ या अनुभवाला म्हणूनच काही अर्थ उरत नाही. आकडी पुष्कळदा पूर्वसूचनेशिवाय येते, तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारे उपकरण) सुटतो आणि माणूस बुडतो.

नायट्रॉक्सचा उगम नेमका कुठला, याबद्दल एकमत नाही. ऑक्सिजन-नायट्रोजन मिश्रणे युद्धकाळातही वापरात होती. पण तयार कोष्टकांसह त्यांचा वापर रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेला व मॉर्गन वेल्स यांना (1970 च्या दशकाची अखेर) देणे अधिक सयुक्तिक वाटते. हौशी डायव्हरपर्यंत ते साधारण 1985 नंतर पोहोचले.

‘नोआ’च्या कोष्टकात ऑक्सिजनच्या 1.6 बार (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 1.6 पट) आंशिक दाबाला एका डाइव्हसाठी 45 मिनिटे, तर 1.4 ला 150 मिनिटे दिली आहेत. काही जण 1.6 हीच मर्यादा धरतात. परंतु प्रवाहाविरुद्ध पोहताना, दमल्यावर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो व धोका वाढतो. त्यामुळे तळावरच्या कामासाठी 1.4 धरून 1.6 हा आकडा राखीव ठेवावा, हेच मत ग्राह्य वाटते. थंड पाणी किंवा कष्टाचे काम असल्यास 1.3 वा त्याहून कमी.

हिशेब सोपा आहे : मर्यादेला ऑक्सिजनच्या अंशाने भागले की एकूण दाब मिळतो. 1.4 भागिले 0.32 म्हणजे 4.375; त्यातला एक बार वरच्या हवेचा, उरलेला दर दहा मीटर पाण्यामागे सुमारे एक बार, म्हणून समुद्रात (अपूर्णांक सोडून) सुमारे 33 मीटर. 36 टक्क्यांना हीच खोली सुमारे 28 मीटर होते. टाकीवरच्या पट्टीवर 32 लिहिलेले आणि आत 36 भरलेले असेल, तर 33 मीटरवर दाब 1.5 च्या पुढे जातो. यासाठी ज्याने टाकी वापरायची त्यानेच ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजणारे उपकरण) साध्या हवेवर 20.9 ला लावून घ्यावा, टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडून आकडा स्थिरावू द्यावा, आणि टक्के, कमाल खोली, तारीख व सही स्वतःच्या हाताने पट्टीवर लिहावी. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

घाटमाथ्यावर गणित थोडे बदलते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे 0.94 बार, शिवाय पाणी गोडे. परिणामी 32 टक्के मिश्रणाची 1.4 ची खोली हिशेबाने 35 मीटरच्या आसपास जाते. (शिवसागर हे हौशी डायव्हिंगचे ठिकाण नव्हे, उदाहरण केवळ उंचीपुरते घेतले आहे.) ही दीड-दोन मीटरची सवलत घेऊ नये. उंचीवर ऑक्सिजनची मर्यादा सैलावते, पण नायट्रोजनची आवळते : शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेच्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने अधिक सहज बाहेर पडतो. 300 मीटरच्या वर सामान्यतः उंचीची वेगळी कोष्टके वापरतात.

सातारा-सांगलीच्या डायव्हरला हे प्रत्यक्षात भेटते ते परतीच्या रस्त्यावर. मालवण-तारकर्लीला समुद्रात उतरून त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढला, तर शरीर काही तासांत 600 मीटरच्या वर येते. सातारा शहरच सुमारे 740 मीटरवर आहे. विमानप्रवासाआधी एका डाइव्हनंतर 12 तास व अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबण्याचा जो संकेत आहे, तो 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठीच आहे. नायट्रॉक्स घेतले होते म्हणून हा अवधी कमी करता येत नाही. मुक्काम किनाऱ्यावरच करावा.