द्विरुक्ती, इंग्रजीतील

एका शब्दात जो अर्थ आधीच आहे, तोच पुन्हा सांगणारा दुसरा शब्द त्याच्या शेजारी बसवणे म्हणजे द्विरुक्ती. इंग्रजीत तिला प्लिओनॅझम म्हणतात. रोजच्या इंग्रजीत अशा जोड्या पदोपदी भेटतात : ‘फ्री गिफ्ट’, ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘अनएक्स्पेक्टेड सरप्राइज’. भेटवस्तू फुकटच मिळते, तिथे ‘फ्री’ने काय वाढले?

हा निव्वळ निष्काळजीपणा मानला जातो. ते पूर्ण खरे नाही. पुष्कळदा शब्दातला मूळ अर्थ बोलणाऱ्याला ऐकूच येत नाही. ‘रिटर्न’ आणि ‘रिपीट’ यांतला ‘रि’ हा लॅटिन उपसर्ग ‘मागे’, ‘पुन्हा’ हेच सांगतो. लॅटिन न जाणणाऱ्याच्या कानाला तो मुका असतो, म्हणून जोडीला ओळखीचा ‘बॅक’ किंवा ‘अगेन’ येतो. आद्याक्षरांचेही तसेच. ‘पिन’मधला ‘एन’ म्हणजे नंबर आणि ‘एटीएम’मधला शेवटचा ‘एम’ म्हणजे मशीन, तरी ‘पिन नंबर’ आणि ‘एटीएम मशीन’ सर्रास चालतात. ‘सहारा डेझर्ट’मधला ‘सहारा’ही वाळवंट या अर्थाच्या अरबी शब्दावरूनच आला. इंग्लंडमधल्या ‘रिव्हर एव्हन’मध्ये तर नदी दोनदा वाहते, एव्हन म्हणजे जुन्या केल्टिक भाषेतली नदीच.

कायद्याच्या इंग्रजीतल्या जोड्यांचा इतिहास वेगळा आहे. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच व लॅटिन आल्या, लोक इंग्रजीच बोलत राहिले, आणि कायद्याच्या लेखनात दोन्हींकडचे शब्द जोडीने येऊ लागले. ‘विल अँड टेस्टामेंट’मधला पहिला शब्द जुना इंग्रजी, दुसरा लॅटिन वळणाचा, ‘गुड्स अँड चॅटल्स’ (जंगम मालमत्ता) या जोडीत इंग्रजीच्या हाताला फ्रेंच आहे. मराठीत फारसी ‘कागद’ आणि संस्कृत ‘पत्र’ मिळून ‘कागदपत्र’ झाले, त्यातलाच हा प्रकार. पुढे सवयच जडली : ‘नल अँड व्हॉइड’ (रद्दबातल) यातले दोन्ही शब्द फ्रेंचमधूनच आलेले.

जोडी फाजील आहे का, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. विशेषणाच्या जागी त्याच्या उलट अर्थाचा शब्द घालून पाहावा. अपेक्षित ‘सरप्राइज’ संभवत नाही, म्हणून ‘अनएक्स्पेक्टेड’ काढावे. ‘पर्सनल ओपिनियन’वर मात्र सरसकट काट मारू नये. डॉक्टर किंवा वकील व्यावसायिक मतही देतात, आणि तिथे ‘पर्सनल’ने खरोखर फरक पडतो.

‘प्लीज रिटर्न द फॉर्म बॅक बाय 8 पीएम इन द ईव्हनिंग’ या वाक्यात 11 शब्द आहेत. ‘बॅक’ आधीच ‘रिटर्न’मध्ये आहे, आणि ‘8 पीएम’ म्हटल्यावर वेळ संध्याकाळचीच. ‘प्लीज रिटर्न द फॉर्म बाय 8 पीएम’ एवढ्या सातांत काम होते. गळलेल्या चार शब्दांबरोबर अर्थ कणभरही गेलेला नाही.