दोन रुपयांचा चेक आणि दिल्लीतला कायदा

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात आणला. भाव निघाला किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले दोन रुपये आणि वर काही पैसे. चेक दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा! बातमी देशभर गाजली. पण शेतमालाच्या बाजाराचा कायदा करायचा कुणी, मुंबईने की दिल्लीने?

राज्यघटनेत शेती आणि बाजार हे दोन्ही विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत आहेत. म्हणून सोलापूरची बाजार समिती चालते ती महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यावर. केंद्र यात शिरले ते व्यापाराच्या दारातून. दुसऱ्या महायुद्धातली धान्यनियंत्रणे १९४६ च्या तात्पुरत्या कायद्याने पुढे चालू राहिली. घटनेच्या कलम ३६९ ने अन्नधान्य, कापूस वगैरेंच्या व्यापारावर कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला, पण पाचच वर्षांसाठी. ती मुदत संपत आली तेव्हा तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, कायमचा बसला. त्याच वर्षी, १९५५ मध्ये, साठ्यावर मर्यादा घालू देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. टंचाईच्या काळातली सोय अशी घरात मुक्कामालाच राहिली.

शेतमालाचा व्यापार, करार शेती आणि साठा यांवरचे २०२० चे तीन कृषी कायदे समवर्ती सूचीतल्या याच नोंदीच्या आधाराने झाले. एरवी विधेयक मांडले जाते, गरज वाटली तर समितीकडे जाते, दोन्ही सभागृहांत चर्चा आणि मतदान होते, मग राष्ट्रपतींची सही. इथे सुरुवात ५ जूनच्या अध्यादेशांनी, म्हणजे संसदेआधीच काढलेल्या तात्पुरत्या कायद्यांनी झाली. विधेयके १४ सप्टेंबरला लोकसभेत आली. त्यांतली दोन २० सप्टेंबरला राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. खासदारांच्या प्रवर समितीकडे तपासणीला पाठवण्याची आणि मतविभागणीची, म्हणजे मते मोजण्याची, मागणी विरोधकांनी केली होती, ती मानली गेली नाही. त्याच महिन्यात सही झाली. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे रद्द करणारे विधेयकही मंजूर झाले, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना. कायदे चांगले की वाईट हा वाद बाजूला ठेवू. येताना घाई आणि जातानाही घाई, हे मात्र खरे.

कांदेवाल्यांच्या लक्षात राहावी अशी गोष्ट वेगळीच आहे. या तिघांपैकी साठ्यावरची बंधने सैल करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले त्याच १४ सप्टेंबरला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. कायद्यावर सही झाल्यावर महिनाभरातच, २३ ऑक्टोबरला, त्याच कायद्यातल्या अपवादाचा आधार घेऊन साठ्यावर मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला दोन टन.

कृषी कायदे गेले, पण १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यातला निर्यात रोखण्याचा अधिकार जागेवरच राहिला. त्यासाठी ना विधेयक लागते ना मतदान, एक अधिसूचना पुरते. ती डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निघाली आणि मे २०२४ पर्यंत टिकली.