मल्टिपर्पज आणि प्रोग्रामेबल: रणगाड्याच्या गोळ्याबद्दलचा एक गोंधळ

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. शिरोळकडची सैनिक टाकळी घ्या, नाहीतर गडहिंग्लजकडची गावं. घरातलं कुणी ना कुणी नोकरीत असतं, नाहीतर पेन्शनवर. त्यामुळं मिसळीच्या टेबलावर रणगाडे निघाले तर नवल नाही. पण हल्ली त्या गप्पांत दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि ठासून सांगतो, "आता मल्टिपर्पज गोळा आलाय, प्रोग्राम केला की गल्लीत वळतोय बघा."

गोळा वळत-बिळत नाही. बॅरलमधून सुटला की त्याची वाट ठरलेली. त्या वाटेवर त्यानं कुठं आणि कसं फुटायचं, एवढंच सांगता येतं. आणि हे सांगता येणं हा प्रोग्रामेबल असण्याचा भाग आहे, मल्टिपर्पज असण्याचा नाही.

मल्टिपर्पज म्हणजे एका गोळ्यात दोन-तीन कामांची सोय. अमेरिकेचा जुना १२० मिमी एम८३० हा हीट (हाय एक्स्प्लोझिव्ह अँटी-टँक) जातीचा गोळा घ्या. त्याच्या पोटात धातूचा शंकू असतो. स्फोट झाला की त्या शंकूची बारीक, प्रचंड वेगवान धार होते आणि ती चिलखत भेदते. गोळ्याच्या स्वतःच्या कवचाच्या ठिकऱ्या आसपासच्या माणसांवर जातात. कामं दोन झाली खरी, पण फुटायची रीत एकच. आपटी बार जसा आपटला की फुटतो, तसा. भिंतीवर मारला तर भिंतीवरच फुटणार. धार अरुंद भोक पाडून पलीकडं जाईल, पण माणूस आत शिरेल एवढं भगदाड त्यातून मिळेलच असं नाही.

पुढचा एम८३०ए१ जरा हुशार. हेलिकॉप्टरच्या जवळ गेल्यावर आपोआप फुटण्याची सोय त्यात आहे. पण जमिनीवरच्या लक्ष्यासाठी की हवेतल्या, हे लोडरनं गोळा बॅरलमध्ये सारण्याआधी हातानं स्विच फिरवून ठरवायचं. एकदा गोळा आत गेला आणि समोरचं लक्ष्य बदललं, तर तो बाहेर काढा, स्विच फिरवा, परत भरा. शहरात तेवढी उसंत कोण देतो?

प्रोग्रामेबल गोळ्यात हा निर्णय भरल्यानंतर घेता येतो. ब्रीचमध्ये, म्हणजे तोफेच्या जिथून गोळा भरतात त्या मागच्या भागात, विजेचा संपर्क असतो, तो गोळ्याच्या बुडाला जोडला जातो. गनर लेझरनं अंतर मोजतो, रीत निवडतो आणि ती माहिती फ्यूजपर्यंत, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागापर्यंत पोचते. रीती साधारण तीन: लागताक्षणी फुटणं, भिंत पार करून किंचित उशिरा आत फुटणं, आणि ठरलेल्या अंतरावर हवेतच फुटणं. या तिसऱ्या रीतीत गणित फार बारीक आहे. गोळा सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे स्फोट दहा मीटर मागं किंवा पुढं. खिडकीवर लेझर मारताना मधल्या तारेवर किंवा झाडाच्या फांदीवर लागला, तर पुढचं सगळं चुकतं.

जर्मनीचा डीएम११, इस्रायलचा एम३३९ आणि अमेरिकेचा एम११४७ हे दोन्ही गुण असलेले गोळे. गोंधळ होतो तो यांच्यामुळंच, कारण दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. पण त्या वेगळ्या असू शकतात. ओर्लिकॉन कंपनीचा ३५ मिमी अहेड गोळा तोफेच्या तोंडाशी प्रोग्राम होतो आणि टंगस्टनच्या बारीक गोळ्यांचा सडा टाकतो. रणगाड्याच्या अर्थानं तो मल्टिपर्पज नाही. उलट आपल्या अर्जुन रणगाड्याचा हेश गोळा चिलखत, बंकर, भिंत असा बऱ्याच ठिकाणी चालतो. त्यातली मऊ स्फोटकं लक्ष्यावर थापली जातात आणि मग बुडाच्या फ्यूजनं पेटतात. पण भरल्यावर त्याला वेगळं काही सांगता येत नाही.

शहरात याचं एवढं महत्त्व का, हे आपल्या पेठांतून चाललं की लक्षात येतं. टी-७२ सारखा रणगाडा साधारण बारा फूट रुंद. शिवाजी पेठेतल्या कितीतरी बोळांत तो शिरणारच नाही, आणि शिरला तरी पाच-सहा मीटरची बॅरल आडवी फिरवायला जागा नाही. त्याची तोफ सुमारे १४ अंश वर उचलते. वीस मीटरवरच्या इमारतीवर ती जेमतेम दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचते. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस निवांत. १९९४च्या अखेरीस ग्रोझ्नीमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हा हेच झालं: वरच्या मजल्यांवरून आणि तळघरांतून मारा, आणि तोफ तिथवर वळत नाही. ही अडचण कुठलाही फ्यूज सोडवत नाही. तो उपयोगी पडतो ते अंतर ठेवून उभ्या असलेल्या रणगाड्याला: भिंतीआडची क्षेपणास्त्राची टोळी, किंवा आत शिरण्यासाठी पाडायची भिंत.

दुसरी गोष्ट साठ्याची. अमेरिकेच्या एब्रम्स रणगाड्यात, एम१ए२ प्रकारात, ४२ गोळे मावतात. त्यात चिलखत भेदायला सॅबो जातीचा गोळा, शिवाय एम८३०, एम८३०ए१, अडथळे फोडायचा एम९०८, आणि जवळच्या पायदळावर हजाराहून जास्त टंगस्टनच्या गोळ्या उडवणारा एम१०२८. प्रत्येकाचे किती घ्यायचे, हे सकाळी ठरवायचं आणि दुपारी त्यातला नेमका हवा तो संपलेला असायचा. एम११४७ या शेवटच्या चारींची जागा घेण्यासाठीच बनवलेला आहे. माझ्या मते त्याची खरी कमाई हीच, स्फोटाच्या करामतीपेक्षा जास्त.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी. अर्जुनसाठी डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळांनी पेनिट्रेशन-कम-ब्लास्ट आणि थर्मोबॅरिक असे दोन स्वतंत्र गोळे विकसित केले: एक भेदून आत फुटणारा, दुसरा बंद जागेत उष्णता आणि दाब वाढवणारा. म्हणजे कामागणिक वेगळा गोळा. यात फ्यूज आणि तोफेचा विजेचा संपर्क यांची झंझट कमी, पण कुठले किती घ्यायचे हा सकाळचा हिशेब कायम. शिवाय प्रोग्रामेबल गोळा नुसता विकत घेऊन चालत नाही. ब्रीचमधला संपर्क, गनरचा पॅनल आणि फायर कंट्रोल संगणक, तिन्ही त्याच्याशी जुळवावे लागतात, आणि जुन्या रणगाड्यांच्या ताफ्यात हे प्रत्येक गाडीला करावं लागतं.