ड्रेनेज लाइन खणायच्या आधी एकदा आतून बघून घ्या

पुण्यात सोसायटीची ड्रेनेज लाइन तुंबली की पहिला फोन जातो जेटिंगवाल्याला. तो येतो, प्रेशरने पाणी मारतो, चेंबरमध्ये काठोकाठ आलेलं पाणी गुरगुरत उतरतं आणि सगळे निवांत होतात. काही महिन्यांनी परत तेच, त्याच चेंबरला. मग कोणीतरी वैतागून म्हणतं की आता लाइनच बदलून टाकू, पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक उचकटले जातात, आणि खड्डा नेमका कुठे घ्यायचा हे प्लंबर अंदाजाने सांगतो. चोकअप काढणं वेगळं आणि चोकअप का होतोय ते शोधणं वेगळं, आणि हे दुसरं काम करणारा, पाइपच्या आत सोडायचा कॅमेरा आता सहज मिळतो, तरी आपण तो बोलवायचं मनावर घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यंत्र तसं साधं आहे. फायबरग्लासची लांब, लवचिक पण ढकलली तर पुढे सरकेल इतपत ताठ केबल, तिच्या टोकाला स्टीलच्या खोळीत बसवलेला छोटा कॅमेरा, भोवती एलईडी दिवे आणि पुढे ओरखडे न पडणारी काच. चांगल्या कॅमेऱ्यात आतलं डोकं वजनामुळे आपोआप सरळ राहतं, म्हणजे केबलला कितीही पीळ पडला तरी स्क्रीनवर पाइपचा तळ खालीच दिसतो. हे महत्त्वाचं आहे, कारण तळ कुठे ते माहीत नसेल तर दिसणारं पाणी साचलंय की भिंतीवरून ओघळतंय हेच कळत नाही. केबल किती मीटर आत गेली तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात पळत असतो.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो वरून शोधायचा भाग. कॅमेऱ्याच्या मागेच एक छोटा ट्रान्समीटर असतो, त्याला सोंड (इंग्रजीत sonde) म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा 512 हर्ट्झवर चालतो. इतकी कमी फ्रिक्वेन्सी का, तर जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल ओल्या मातीत आणि विशेषतः बिडाच्या पाइपात लवकर विरून जातो, कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र मात्र त्यातूनही थोडंफार बाहेर येतं. वर माणूस लोकेटर, म्हणजे हा सिग्नल पकडणारं यंत्र, घेऊन पार्किंगमधून हळूहळू चालतो, सोंडच्या बरोबर डोक्यावर आला की आवाज सगळ्यात मोठा होतो. पुढे आणि मागे दोन छोटे खोटे सिग्नलही लागतात, नवखा माणूस तिथेच खडूची खूण करून मोकळा होतो, म्हणून अनुभवी माणूस थोडं पुढे जाऊन परत मागे येऊन खात्री करतो. लोकेटरमध्ये वर-खाली दोन अँटेना असतात, दोन्हीकडे सिग्नल किती कमी-जास्त आहे त्यावरून खोलीही काढता येते. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक टाकताना चेंबर बिनदिक्कत गाडून टाकतात ना, तेही असंच सापडतं.

आता आत काय दिसतं. कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागातल्या जुन्या बंगल्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये ड्रेनेजला अजून खापरी पाइप, म्हणजे स्टोनवेअरचे पाइप सापडतात. हे पाइप साधारण 60 सेंटिमीटरचे तुकडे असतात, त्यामुळे 15 मीटरच्या लाइनला पंचवीसेक जॉइंट येतात, आणि प्रत्येक जॉइंट सिमेंटने भरलेला. वर्षानुवर्षांनी ते सिमेंट तडकतं आणि तिथून किंचित ओल बाहेर झिरपत राहते. पुण्याच्या उन्हाळ्यात आजूबाजूचा मुरूम कोरडाठाक असताना जॉइंटभोवतीची माती तेवढी ओली, मग उंबर-पिंपळाची मुळं तिथेच वाढणार ना. केसाएवढं टोक फटीतून आत शिरतं, आत पाणी, हवा, खत सगळं हजर, आणि बघता बघता पारंब्यांसारखा झुपका खाली लोंबायला लागतो. स्क्रीनवर हे अगदी स्पष्ट दिसतं: गुळगुळीत तपकिरी पाइप, वरच्या बाजूला जॉइंटची गोल रेघ, त्या रेघेतून उतरलेल्या पांढुरक्या मुळ्या आणि त्यांच्यात अडकलेला कागद, केस, चिंध्या. जेटिंगने हा झुपका तुटतो पण जॉइंटची फट तशीच राहते, म्हणून मुळं परत येतात.

दुसरं कारण म्हणजे ढाळ. जुना ठोकताळा असा की 4 इंची पाइपला 40 फुटाला 1 फूट, 6 इंचीला 60 ला 1, 9 इंचीला 90 ला 1. म्हणजे 4 इंची लाइन 12 मीटर लांब असेल तर दुसऱ्या टोकाला ती 30 सेंटिमीटर खाली हवी. एवढं केलं की पाण्याला सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या पुढे वेग मिळतो आणि पाणी मैला स्वतःच ओढून नेतं. पण पाइपचा अर्धा भाग कडक मुरमावर आणि अर्धा भरावावर बसला असेल तर भराव दबतो, मधे पोट पडतं आणि तिथे कायम पाणी साचून राहतं. कॅमेरा पुढे जाताना पाणी वर वर चढतं, लेन्स बुडते, काहीच दिसत नाही, आणि दोन-तीन मीटरनंतर परत बाहेर येते. फक्त इथे घाई करू नये, कारण पुढे कुठेतरी चोकअप असला तरी पाणी असंच तुंबलेलं दिसतं, त्यामुळे आधी लाइन मोकळी करून मगच पोटाचा निर्णय करावा. पीव्हीसीच्या नव्या लाइनलाही हे होतं बरं का, जॉइंट कमी असले तरी खालचं बेडिंग, म्हणजे पाइप ज्यावर टेकतो तो थर, नीट नसेल तर तीही बसते.

तिसरं म्हणजे किचनची लाइन. फोडणीचं तेल, तूप, दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल हे गरम असताना बेसिनमधून जातं आणि पुढे थंड होऊन थिजतं एवढंच आपल्याला माहीत असतं, पण पुढची गोष्ट अजून वेगळी आहे. तेलातली फॅटी ॲसिड्स सुटी होतात आणि सिमेंटमधल्या किंवा बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडली जाऊन कॅल्शियमचा साबण बनतो, फेस न येणारा, पाण्यात न विरघळणारा, कडक. कॅमेऱ्यात तो पिवळट-पांढऱ्या थरासारखा दिसतो. त्यावर नुसतं गरम पाणी ओतून काही होत नाही.

कॅमेऱ्याला मर्यादाही आहेत. गढूळ पाण्याखाली तो आंधळा असतो, लागोपाठ काटकोनी वळणं आली की केबल अडते, आणि वाइड लेन्स अगदी भिंतीजवळ असल्यामुळे बारीक चीर मोठी भेग वाटते. कोणी स्क्रीनवरची एक चीर दाखवून अख्खी लाइन बदलायला सांगत असेल तर लगेच हो म्हणू नका. वेळ साधारण एप्रिल-मेची चांगली, पण बाहेरचं पाणी लाइनमध्ये शिरतंय अशी शंका असेल तर पावसाळ्यातच बघा, जॉइंटमधून स्वच्छ पाण्याची धार आत पडताना दिसते, आणि कोणी गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडलं असेल तर तेही उघडं पडतं.

आणि हे सगळं इतकं कळकळीने लिहायचं मुख्य कारण वेगळंच आहे. आत काय झालंय ते बघायला माणसाला चेंबरमध्ये उतरवणं ही आपल्या देशातली फार जुनी आणि जीवघेणी सवय आहे. तिथे तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे वास गेला असं वाटतं तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे आणि ती फक्त महापालिकेला लागू नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लागू आहे. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. "जरा उतरून बघ रे" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघालं तर तिथल्या तिथे थांबवा.

कॅमेरावाला बोलवाल तेव्हा कुठल्या चेंबरपासून कुठल्या चेंबरपर्यंत गेला ते व्हिडिओत बोलून घ्यायला सांगा, मीटरचा आकडा दिसला पाहिजे, आणि दोष पाइपच्या कुठल्या बाजूला आहे ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहून घ्या, वर म्हणजे 12, तळ म्हणजे 6. जमिनीवरची खूण खडूने नको, पहिल्या पावसात जाते, ऑइलपेंटने करा. दुरुस्ती झाली की परत एकदा कॅमेरा टाका आणि तो झाल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका. दोन्ही व्हिडिओ सोसायटीच्या नकाशांच्या फाइलबरोबर ठेवा, कारण पुढची कमिटी येईल तेव्हा कुठल्या पेव्हरखाली कुठली लाइन आहे हे कोणाच्याच लक्षात नसतं.