हिग्ज बोसॉन व विद्युत्-दुर्बल सममितीभंग

हिग्ज बोसॉन : मूलकणांच्या प्रमाण प्रतिकृतीतील (मूलकण व त्यांच्या परस्परक्रियांच्या सर्वमान्य सिद्धांतातील) शून्य परिवलनाचा (स्पिनचा), विद्युत् भाररहित कण. सर्व अवकाश व्यापणाऱ्या हिग्ज क्षेत्राचे पुंजित (ठरावीक ऊर्जेच्या पुंजांत होणारे) आंदोलन म्हणजे हा कण होय. त्याचे वस्तुमान (कणांची वस्तुमाने ऊर्जेच्या एककात मोजतात) सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे प्रोटॉनाच्या सुमारे १३३ पट आहे. वृत्तपत्रांतील ‘देवकण’ हे नाव भौतिकीविज्ञ सहसा वापरत नाहीत.

विद्युत् चुंबकीय व दुर्बल (बीटा किरणोत्सर्गास कारण होणारी) परस्परक्रिया मुळात एकाच सममितीची (ठरावीक बदल केले तरी नियम तसेच राहण्याच्या गुणाची) अंगे मानतात. ही सममिती उघडपणे टिकली असती, तर तिचे चारही वाहक कण वस्तुमानरहित राहिले असते आणि दुर्बल परस्परक्रियेचा पल्ला अणुकेंद्राहूनही तोकडा का, याचा उलगडा झाला नसता. हिग्ज क्षेत्राची नीचतम ऊर्जेची अवस्था मात्र क्षेत्र शून्य असताना येत नाही. ती सुमारे २४६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट या मूल्याशी येते. क्षेत्राच्या चार घटकांपैकी तीन घटक दोन डब्ल्यू (८०.४ अब्ज) व झेड (९१.२ अब्ज) या कणांत सामावून त्यांना वस्तुमान देतात, फोटॉन तसाच राहतो आणि उरलेल्या घटकाचे आंदोलन हिग्ज बोसॉन म्हणून प्रकटते.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत गवताच्या पात्यांवरील दवबिंदू गोठून हिमकण होतात, हे सातारा जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. थेंबात सर्व दिशा सारख्या असतात. गोठताना स्फटिकाचे अक्ष कोणत्या तरी एका दिशेने लागतात, पण पाण्याच्या रेणूंचे नियम बदलत नाहीत. सममितीभंगाची कल्पना येण्यास एवढे पुरे. उपमा ताणली मात्र जाऊ नये, कारण पाणी सुप्त उष्णता सोडून एकदम गोठते, तर हिग्ज बोसॉनाचे वस्तुमान एवढे असल्याने आदिविश्वातील विद्युत्-दुर्बल स्थित्यंतर सलग व हळुवार झाले असावे, असे जालक-गणित (अवकाश-काळाचे बिंदूंच्या जाळीत तुकडे पाडून संगणकावर केलेले गणित) दर्शविते. शिवाय स्थानिक गेज सममिती (प्रत्येक बिंदूपाशी वेगळा बदल केला तरी टिकणारी, येथे अभिप्रेत असलेली सममिती) उत्स्फूर्तपणे भंगत नाही, असे भौतिकीविज्ञ एलित्सूर यांनी १९७५ मध्ये दाखविले. त्यामुळे ‘भंग’ हा शब्द रूढ असला, तरी सममिती झाकली जाते असे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल.

वाहक कणांना वस्तुमान देणाऱ्या या यंत्रणेच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. अतिसंवाहकतेच्या अभ्यासातून अँडरसन यांनी १९६३ मध्ये तिचे सूचन केले होते, परंतु त्यांचे विवेचन सापेक्षतेला धरून नव्हते. ब्राउट व आंग्लेर यांचा निबंध ३१ ऑगस्ट १९६४ रोजी प्रसिद्ध झाला आणि हिग्ज यांचा दुसरा निबंध त्याच दिवशी त्याच नियतकालिकाकडे पोहोचला. गुराल्निक, हेगन व किबल यांचा निबंध नोव्हेंबरात आला. सोव्हिएट रशियात मिग्दाल व पॉल्याकोव्ह हेही स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला आले होते. उरणाऱ्या भारी कणाचा स्पष्ट उल्लेख हिग्ज यांच्या दुसऱ्या निबंधात आहे, आणि तोही आधीच्या नियतकालिकाने नाकारल्यावर घातलेल्या मजकुरात! कणापुरते तरी नाव समर्थनीय वाटते ते यामुळे. यंत्रणेला एकाच व्यक्तीचे नाव देणे तितकेसे न्याय्य नाही. नाव रूढ होण्याचे श्रेय बहुधा १९७२ च्या सुमारास बेंजामिन ली यांनी केलेल्या वापराला द्यावे लागेल. ‘बोसॉन’ हे जातिवाचक नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून आले आहे.

वाइनबर्ग (१९६७) व सलाम (१९६८) यांनी ही यंत्रणा ग्लॅशो यांच्या १९६१ च्या विद्युत्-दुर्बल प्रतिकृतीशी जोडली. डब्ल्यू व झेड कण १९८३ मध्ये सापडले. हिग्ज बोसॉनासारख्या कणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजी सर्न या जिनीव्हाजवळील युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत ॲटलास व सीएमएस या शोधकयंत्रांवर काम करणाऱ्या गटांनी जाहीर केला. हा कण फोटॉनांच्या जोडीत विघटन पावण्याचे प्रमाण हजारांत दोनच्या आसपास आहे, तरीही ही खूण स्पष्ट असल्याने शोधास तिचाच मोठा आधार झाला. सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन ऊष्मामापकाच्या (प्रोटॉनासारख्या क्वार्कयुक्त कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे. २०१३ चे नोबेल पारितोषिक आंग्लेर व हिग्ज यांना मिळाले. ब्राउट २०११ मध्येच निवर्तले होते.

सर्व वस्तुमान हिग्ज क्षेत्रापासून येते, ही समजूत बरोबर नाही. सांगलीच्या बाजारातील पन्नास किलो हळदीच्या पोत्याचे वस्तुमान बहुतांशी प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्यात असते आणि ते मुख्यतः त्यांच्यातील क्वार्क या मूलकणांना बांधणाऱ्या प्रबल परस्परक्रियेच्या ऊर्जेमुळे आहे. त्यांतील क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज केली, तर पोत्यात जेमतेम अर्धा किलो भरते. इलेक्ट्रॉनांचा वाटा याहूनही नगण्य आहे. मात्र अणूचा आकार इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानावरच ठरतो.