सिमेंटचा पत्रा कापणाऱ्याच्या छातीत काय जातं?

मे संपत आला की मुंबईतल्या वस्त्यांमध्ये पत्रे बदलायची घाई सुरू होते. पत्रेवाला वर चढतो, जुना सिमेंटचा पत्रा तोडून खाली टाकतो, नव्यावर ग्राइंडर लावतो आणि दोन मिनिटांत त्याच्या भुवया-पापण्या पांढऱ्याफटक होतात. तोंडाला फक्त रुमाल. त्या पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असतं आणि रुमाल त्याला अजिबात अडवत नाही.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारं धाग्यांचं खनिज, जळत नाही, सडत नाही, वर स्वस्त. पण हा धागा उभा चिरत जातो, इतका बारीक होतो की दिसतच नाही, आणि 3 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक झाला की श्वासातून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब धागा त्यांना गिळवत नाही, पेशी मरतात, सूज राहते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. त्यातून फुप्फुस कडक होत जातं ते ॲस्बेस्टॉसिस, शिवाय फुप्फुसाचा कॅन्सर, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा. बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

डोक्यावर धड पत्रा आहे म्हणून घाबरून जाऊ नका, त्यातले धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. खरा धोका कापणाऱ्याला, भोक पाडणाऱ्याला, फोडणाऱ्याला आणि नंतर ते डेब्रिज उचलणाऱ्याला.

मुंबईत अशी कामं भरपूर. रे रोडजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजं तोडली जातात, आणि 1980 च्या आधीच्या जहाजांत बॉयलर, वाफेचे पाइप, इंजिन रूमच्या भिंती, सगळीकडे ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, असायचं. ते हाताने ओरबाडून काढायचं म्हणजे धूळ बंद जागेत, सुटायला वाट नाही. याच कारणाने फ्रान्सचं क्लेमेन्सो हे युद्धजहाज 2006 मध्ये गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी यार्डात पोचायच्या आधीच परत बोलावलं गेलं. गिरण्यांच्या बॉयलरवर लॅगिंग करणारे, मुलुंड-घाटकोपरच्या कारखान्यांत पत्रे आणि ब्रेक लायनिंग बनवणारे, हेही त्यातलेच. गॅरेजमध्ये जुन्या गाडीचा ब्रेक ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारतात ना, तेही बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. आणि त्या कामाचे कपडे घरी झटकून धुणारी बायको, ती कधी कारखान्यात गेलेली नसते, तरी तिला मेसोथेलिओमा झाल्याच्या केसेस जगभर नोंदल्यात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेळेची. मेसोथेलिओमा दिसायला 20 ते 50 वर्षं लागतात. तोवर माणूस रिटायर होऊन गावी गेलेला, दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातो, टीबी नाहीतर दमा समजून औषधं चालू होतात आणि तीस वर्षांपूर्वी काय काम करायचात हे कोणी विचारत नाही. म्हणून छातीच्या डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, अगदी दोनच वर्षं केलेलं काम असलं तरी.

1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा रिटायरमेंटनंतर 15 वर्षं, जे नंतर संपेल तोवर ठेवायचं. पण नाक्यावरून रोजावर उचललेल्या माणसाचं रेकॉर्ड कोण ठेवणार? पन्नासहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केलं, आपण पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे पत्र्यांत वापरतात तो प्रकार, अजून बाहेरून आणतोय.

पत्रा काढायचाच असेल तर आधी भरपूर पाणी मारा, नट सोडवून अख्खा उतरवा, ग्राइंडर नको, झाडू नको, फिल्टरवाला घट्ट बसणारा मास्क द्या. कारखान्यात काम केलेलं असेल तर जुना गेट पास, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड टाकू नका, कारण या आजारांना कायद्याने भरपाई मिळते आणि तिथे पहिला प्रश्न कामाच्या पुराव्याचाच येतो.