किम गार्थने आयर्लंड का सोडलं?

३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारताविरुद्ध ऑस्ट्रेलिया. शेफाली वर्मा पायचीत, थोड्याच वेळात स्मृती मानधना यष्टिरक्षकाकडे झेलबाद. दोन्ही बळी किम गार्थचे. पुढे जेमिमाने नाबाद १२७ धावा ठोकल्या, भारताने ३३९चं लक्ष्य गाठलं आणि ते दोन बळी सगळे विसरून गेले. पण ऑस्ट्रेलियाकडून नवा चेंडू टाकणारी ही मुलगी मूळची डब्लिनची. त्याआधी जवळपास दशकभर ती आयर्लंडकडून खेळली होती.

तिचे आई-वडील दोघंही आयर्लंडकडून खेळलेले. तिने स्वतः २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी पदार्पण केलं. तिकडे याचं फार अप्रूप नाही. गॅबी लुईस तर तेराव्या वर्षीच राष्ट्रीय संघात आली. खेळणाऱ्या मुलीच कमी, त्यामुळे संघात नावंही ठरावीक घरांतली. इसोबेल आणि सिसिलिया या जुळ्या जॉइस बहिणी त्यातल्याच.

आयर्लंडच्या महिला आजवर एकच कसोटी खेळल्या आहेत. २००० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मैदानावर पाकिस्तान ५३ आणि ८६ धावांत गुंडाळला गेला. आयर्लंडने ३ बाद १९३ वर डाव घोषित केला होता. एक डाव ५४ धावांनी विजय, तोही दोन दिवसांत. इसोबेल जॉइसने दुसऱ्या डावात २१ धावांत ६ बळी घेतले. कसोटीतला रेकॉर्ड शंभर टक्के विजयाचा, पण दुसरी कसोटी काही आली नाही.

२०१७ मध्ये आयर्लंड आयसीसीचा पूर्ण सदस्य झाला खरा, पण महिलांच्या खिशात त्यातलं फारसं काही पडलं नाही. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सराव करायचा, हेच चालू राहिलं. जून २०१८ मध्ये न्यूझीलंडने डब्लिनमध्ये ४ बाद ४९० धावा चोपल्या. हौशी आणि व्यावसायिक संघांतली दरी किती, ते त्या दिवशी धावफलकावरच दिसलं. त्याच वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर जॉइस भगिनी, क्लेअर शिलिंग्टन आणि सियारा मेटकाफ अशा चौघी अनुभवी खेळाडू एकदम निवृत्त झाल्या. २०१९ मध्ये मोजक्या खेळाडूंना करार मिळाले, तेही अर्धवेळ. त्यात सप्टेंबरमध्ये पात्रता स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बांगलादेशकडून हार झाली आणि पुढचा टी-ट्वेंटी विश्वचषकही हुकला.

गार्थ तेव्हा तेवीस वर्षांची. बिग बॅश या तिथल्या टी-ट्वेंटी लीगमुळे ऑस्ट्रेलिया तिने पाहिलेलं होतं. तिथे राज्य संघातून खेळूनही क्रिकेटवर पोट भरता येत होतं. २०२० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघाने दोन वर्षांचा करार पुढे केला आणि ती मेलबर्नला गेली. याला कुणी देश सोडणं म्हणेल. मला त्यात नोकरी बदलण्यापलीकडे काही दिसत नाही. गंमत म्हणजे त्या वेळी आयर्लंड महिला संघाचा प्रशिक्षक होता एड जॉइस, त्या जुळ्या बहिणींचा भाऊ. तो स्वतः आधी इंग्लंडकडून खेळून २०११च्या विश्वचषकासाठी आयर्लंडच्या संघात परतला होता. अशा निर्णयामागची घालमेल त्याच्याइतकी कुणाला कळणार?

डिसेंबर २०२२ मध्ये गार्थ ऑस्ट्रेलियाकडून पहिला सामना खेळली, तोही भारताविरुद्ध, नवी मुंबईच्या त्याच डी. वाय. पाटील मैदानावर. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये त्याच मैदानावर, डिआंड्रा डॉटिनच्या जागी आयत्या वेळी गुजरात जायंट्समध्ये येऊन तिने यूपी वॉरियर्सविरुद्ध ३६ धावांत ५ बळी घेतले. तरी यूपीच्या ग्रेस हॅरिसने शेवटच्या षटकात सामना खेचून नेलाच. नवी मुंबईने या बाईला बळी भरपूर दिले, जिंकू मात्र क्वचितच दिलं. त्या जूनमध्ये ती इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजवर कसोटीही खेळली. आयर्लंडमध्ये राहून तिला ते शक्य नव्हतं.

आयर्लंडने महिलांना पूर्णवेळ करार दिले ते २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये बेलफास्टला त्यांनी इंग्लंडला वनडेत हरवलं; २००१ नंतर पहिल्यांदाच. इंग्लंडच्या बऱ्याच मुख्य खेळाडू त्या संघात नव्हत्या हे खरं, पण आयर्लंडला तरी कुठे किम गार्थ होती?